उत्तर गॅलरीमागचा ढीग

१४ ऑक्टोबर

या वहीला एप्रिलपासून हात लावलेला नाही. शेवटच्या पानावर दाढदुखी आहे. दाढ काढली, जखम भरली, वही मात्र तशीच पडून राहिली. क्षमा मागायची तर वहीची की स्वतःची, हे ठरत नाही. दोघींचीही मागते आणि सुरुवात करते.

आज लिहायला बसण्याचं कारण साधं आहे. दिवसभर ज्यांच्यावर ओरडायचं होतं त्यांच्यावर ओरडता आलं नाही.

कॉलेजच्या स्टेडियममध्ये हंगामातला पहिला फुटबॉल सामना झाला. मालमत्ता विभागाची प्रमुख म्हणून सामना संपल्यावर जे जे उरतं ते माझं: मोडक्या खुर्च्या, तुंबलेल्या मोऱ्या आणि कचरा. आजवर तो सगळा एकाच गाडीत भरून शहराबाहेरच्या खड्ड्यात जायचा. या वर्षी मी हट्टाने उपप्राचार्यांकडून एक हंगाम मागून घेतला. हिरव्या डब्यात उरलेलं खाणं, निळ्यात बाटल्या आणि पुठ्ठा, काळ्यात बाकीचं. हिरव्यातल्याचं खत करायचं, उत्तर गॅलरीमागच्या मोकळ्या जागेत. त्या जागेवर प्राध्यापकांचा कधीपासून डोळा आहे, गाड्या लावायला. उपप्राचार्य म्हणाले, "एक हंगाम देतो. मार्चअखेर समिती बसेल. ढीग दिसला पाहिजे, वास यायला नको. नाहीतर तिथे पांढरे पट्टे मारून मोकळे होऊ."

आज एका सद्गृहस्थाने अर्धं सँडविच, त्याचं प्लास्टिकचं खोकं आणि चमचा, तिन्ही एकत्र हिरव्या डब्यात टाकलं. मी डब्याशेजारीच उभी होते. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. बहुधा त्याला वाटलं मी त्याचं कौतुक करायला उभी आहे.

सफाईच्या मुकादमबाई म्हणाल्या, "मॅडम, पाट्या वाचायला कोण मॅच बघायला येतंय?"

"पण चित्रंसुद्धा आहेत पाट्यांवर."

"चित्रं बघायची तर घरी टीव्ही आहे की."

सगळं पुन्हा हाताने वेगळं केलं. घरी आल्यावर नवऱ्याने दारातच अडवलं. "हात दाखव. दुसरा. आता दोन्ही हात माझ्यापासून लांब धरून न्हाणीघरात जा." लहान मुलीसारखी गेले.

मला खरंच कचरा कमी करायचा आहे, की मी म्हटलं ते होतं हे लोकांना दाखवायचं आहे? अजून माहीत नाही. दोन्ही असू शकेल.

२२ ऑक्टोबर

चहाचे कप. कॅन्टीनवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "शंभर टक्के कागदी." मी त्याच्यासमोर नखाने आतला प्लास्टिकचा पापुद्रा सोलून काढला आणि टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "तुमची नखंच फार तीक्ष्ण आहेत, मॅडम."

कप काळ्या डब्यात. म्हणजे पाट्या पुन्हा छापा.

९ नोव्हेंबर

ढीग गार आहे. महिना होत आला, आत हात घातला तर तळघरातल्या फरशीसारखा. सामन्याचा कचरा म्हणजे काय, तर शेंगांची टरफलं, पॉपकॉर्नचे न फुटलेले दाणे, कागदी रुमाल. सगळा कोरडा, सुका माल. खाणं लोक खाऊन टाकतात, ही त्यांची चूक कशी म्हणू? पण ढीग तापायला काहीतरी हिरवं, ओलं लागतं. पुस्तकात तसं स्पष्ट आहे. मी पालथ्या घड्यावर पाणी घालत बसले होते, अक्षरशः, झारीने.

आज शेवटी मैदान सांभाळणाऱ्यांकडे गेले. विद्यार्थी त्यांना गवतकाका म्हणतात, आता आम्हीही. त्यांना माझा ढीग आवडत नाही. माझा ढीग म्हणजे त्यांच्या हिरवळीच्या पाठीवरचं गळू, असं ते मुकादमबाईंना म्हणाल्याचं माझ्या कानावर आहे.

"काका, कापलेलं गवत कुठे टाकता?"

"भिंतीपलीकडे. का?"

"मला द्याल?"

त्यांनी यंत्र बंद केलं. आजवर त्यांच्याकडे कुणी गवत मागितलं नसावं. मग जे बोलत सुटले ते थांबेनात. या वर्षीची हिरवळ कशी गालिच्यासारखी आहे, गेल्या वर्षी मधल्या वर्तुळात तण कसं माजलं होतं, आणि या वेळी त्यांनी नवं औषध कसं फवारलं. "गवताला काही होत नाही. रुंद पानाचं तेवढं वाकडं होऊन मरतं. बघा, एक तरी सापडतंय का." मी वाकून पाहिलं. सापडलं नाही. हो हो म्हणत राहिले, लक्ष सगळं त्या ताज्या कापलेल्या गवताच्या राशीवर. हिरवंगार, ओलसर, आणि एकही चमचा नाही, एकही पापुद्रा नाही! महिन्याभरात इतकी स्वच्छ गोष्ट माझ्या वाट्याला आली नव्हती.

उद्यापासून हातगाडी पाठवणार आहेत. माणसाकडे काही मागितलं की तो फुलतो, हे मला उशिरा कळतं.

३ डिसेंबर

वाफ! सकाळी ढीग उकरला तर भातावरचं झाकण काढावं तशी वाफ आली. लोखंडी कांब आत खुपसून काढली, हातात धरवेना. मुकादमबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आंघोळीचं पाणी ठेवू का वर?" उपप्राचार्यांना फोन केला. ते बैठकीत होते. नवऱ्याला केला. तो म्हणाला, "अभिनंदन. तापमान किती? डॉक्टरला बोलवायचं का?"

कुणीही नीट आनंद करू देत नाही. पण आनंद आहे.

१३ डिसेंबर

स्वयंसेवक विद्यार्थी गळतायत. आज एका मुलीने सांगितलं की अभ्यास आहे. मी म्हटलं, अभ्यास सगळ्यांनाच असतो. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी सफरचंदावरच्या एका स्टिकरसाठी तुम्ही मला सगळ्यांसमोर पूर्ण पिंप उपसायला लावलं होतं."

मला ते आठवत होतं, पण असं आठवत नव्हतं. माझ्या आठवणीत ते प्रात्यक्षिक होतं.

स्टिकर कुजत नाही, हे खरंच आहे. एक राहिला की दहा राहतात. खत कुणाच्या तरी मातीत जाणार. त्यात काय आहे याची जबाबदारी माझीच ना? तरी तिला उद्या भेटेन.

(भेटले नाही. सामना होता.)

१९ जानेवारी

पहिला ढीग तयार झाला. काळाभोर, भुसभुशीत, पहाटेच्या जंगलासारखा वास. तीन संध्याकाळी चाळत बसले होते. मिळालेलं: बाटल्यांची दोन झाकणं, एक शिट्टी, स्टिकर बरेच, आणि कुणाचा तरी कानातला डूल. डूल सोडून सगळं काळ्या डब्यात. आता यात मातीशिवाय काही नाही असं मी कुणाच्याही समोर छातीठोकपणे सांगू शकते.

उपप्राचार्य स्वतः आले. मुठीत घेतलं, हुंगलं, रुमालाला हात पुसला. "उत्तम. पण मॅडम, समितीला एक विचारायचं असणार. हे आपण केलं, आपणच वाखाणलं. बाहेरच्या कुणी वापरलंय का? एखादी बाग, एखादी रोपवाटिका? तसं एक वाक्य अहवालात गेलं की गाड्यावाल्यांची तोंडं बंद."

रोपवाटिका म्हणताच मला ताई आठवली, आणि मी ते त्यांना लगेच बोलूनही गेले. आधी ताईला विचारायला हवं होतं.

२ फेब्रुवारी

ताईने हो म्हटलं. त्यासाठी दोन आठवडे तिच्या मागे लागले होते.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. घरामागच्या जागेत रोपं तयार करते आणि मोसमात बाजारात विकते. टोमॅटो, मिरची, वांगी, सूर्यफूल. वर्षाची कमाई त्या चार-सहा आठवड्यांत. तिच्या टोमॅटोच्या रोपांसाठी लोक दोन बाजार ओलांडून येतात. माती ती वर्षानुवर्षं एकाच माणसाकडून घेते आणि त्या माणसाशी वर्षानुवर्षं भांडते.

"अगं, कचऱ्यात रोपं लावू म्हणतेस?"

"कचरा नाही ताई, खत. मी स्वतः चाळलंय."

"तू चाळलंस म्हणजे त्यात पोषण तरी उरलंय का?"

शेवटी मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, तू घेतलंस तर माझी जागा वाचेल. त्यावर ती म्हणाली, "पोती आणून टाक. पण अर्धं नाही, घ्यायचं तर सगळ्या ट्रेना घेईन. एकीला जरीचं आणि दुसरीला सुती, असं मी पोरींना कधी केलं नाही, रोपांना कशाला करू?"

मी अर्ध्यावर थांब म्हणायला हवं होतं का? तसं मनात आलं होतं. पण तिने एवढा विश्वास टाकल्यावर मीच अविश्वास दाखवणं बरं दिसलं नसतं.

१९ फेब्रुवारी

ताईचा फोन. रोपं छान उगवली. "तुझा कचरा बरा आहे की गं." दिवसभर हे वाक्य खिशात घालून फिरले. उपप्राचार्यांना कळवलं.

११ मार्च

ताईकडे जाऊन आले. तिने बोलावलं होतं. कारण सांगितलं नव्हतं.

टोमॅटोची नवी पानं सरळ येत नाहीत. कडा आत वळलेल्या, शेंडे मुठीसारखे आवळलेले, काही पानं तर दोरीसारखी अरुंद. मिरचीचं तेच. सूर्यफुलांच्या माना पिळल्यासारख्या. ताई ट्रेमागून ट्रे दाखवत होती आणि स्वतःलाच बोल लावत होती. पाणी जास्त झालं असेल, रात्री गारठा लागला असेल, बी जुनं असेल.

"रोग म्हणावा तर किडा नाही, बुरशी नाही," ती म्हणाली. "एकदाच असं पाहिलं होतं. पलीकडच्याने तणाचं औषध मारलं होतं आणि वारा आमच्याकडे होता. पण आता तर आसपास कुणी फवारत नाही."

मी काही बोलले नाही. बसने परत येताना गवतकाकांचं ते बोलणं डोक्यात सुरू झालं. रुंद पानाचं तेवढं वाकडं होऊन मरतं.

पण ढीग किती तापला होता. इतक्या उष्णतेत काय टिकेल? आणि मी काही रसायनशास्त्राची नाही. एका वाक्यावरून निष्कर्ष काढणं हे अफवा पसरवण्यासारखंच. आधी खात्री करायला हवी.

१३ मार्च

घेवड्याच्या बिया आणल्या. घेवडा अशा औषधाला फार हळवा असतो असं वाचलं. कचेरीच्या खिडकीत कुंड्या मांडल्या. काहींत माझं खत, काहींत बाजारची माती. बी तेच, पाणी तेच, ऊन तेच. दोन आठवड्यांत कळेल.

एकदा पद्धत ठरली की मन शांत होतं. आज झोप लागेल.

१६ मार्च

ताईचा फोन.

"मी काय म्हणते, हे सगळं उपटून पुन्हा पेरते. या आठवड्यात पेरलं तर बाजार अर्धा तरी मिळेल. पुढच्या आठवड्यात पेरलं तर नुसती रोपं पाहत बसायचं."

"कुठल्या मातीत पेरणार?"

"आहे ना तुझी पोती. दोन-चार उरलीत."

म्हटलं, "ताई, घाई नको. आधी कारण तर कळू दे. नाहीतर पुन्हा तेच होईल. पाणी तपासून घेतलंस का?"

"विहिरीचं? त्याला काय धाड भरलीय?"

"तपासून घे तरी."

ती म्हणाली, "तू म्हणतेस तर नमुना देते. तू शिकलेली."

मी खोटं बोललेले नाही. पाणी तपासणं केव्हाही चांगलंच. आणि निदान माझ्या पोत्यांत तिने पुन्हा पेरलं नाही, हे तर माझ्यामुळेच. खिडकीतला घेवडा अजून मातीबाहेर आलेला नाही. पुराव्याशिवाय मी तिला काय सांगणार होते? मला असं वाटतं, म्हणून? वाटण्यावर कुणाचा हंगाम ठरवायचा नसतो.

२१ मार्च

घेवडा वर आला. पहिली दोन पानं सगळ्यांचीच ठीक दिसतात. खरं तर बाजारच्या मातीतली थोडी रुंद आहेत. पण त्या कुंड्या खिडकीच्या काचेला जास्त जवळ होत्या. जागा बदलल्या. म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं.

उपप्राचार्यांची चिठ्ठी: समितीच्या बैठकीत प्रत्येक सदस्याला खताची एक छोटी पिशवी द्यावी, वर कॉलेजचं चिन्ह, रेशमी फीत. गणिताच्या प्रमुखांच्या गुलाबांचं कौतुक सगळं कॉलेज करतं. गाड्यांचा आग्रहही त्यांचाच. त्यांना गुलाबासाठी दिलं तर ते विरघळतील, असा उपप्राचार्यांचा हिशेब.

मी कळवलं की खत अजून मुरायला हवं, पिशव्या पुढच्या खेपेला देऊ. हे खरंच आहे. खत जितकं मुरेल तितकं चांगलं.

२३ मार्च

नवरा जेवताना म्हणाला, "हल्ली कचऱ्याबद्दल काही बोलत नाहीस. बरं वाटत नाही का?"

म्हटलं, कंटाळा आलाय.

"ताईकडची रोपं सुधारली?"

म्हटलं, पाण्याचा अहवाल यायचाय.

त्याने माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं आणि भांडी उचलली. आज पाळी माझी होती.

२५ मार्च

खिडकी. बाजारच्या मातीतला घेवडा तळहातासारखा उघडा. माझ्या खतातली तिसरी पानं आत वळलेली, सगळ्या कुंड्यांत. एकाही कुंडीने माझी बाजू घेतली नाही.

एक आठवडा आणखी पाहावं का? समिती परवा आहे. आता सांगितलं तर गाड्यावाले म्हणतील, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो. चूक ढिगाची नाही, एका औषधाची आहे, हे समजावायला वेळ लागेल आणि बैठकीत मला मिळणार पंधरा मिनिटं. दोन दिवसांनी ताईचं काही जास्त बिघडत नाही. जे व्हायचं ते झालंच आहे.

पुढच्या वर्षी गवत घेणार नाही, एवढं नक्की.

२७ मार्च

जागा वाचली.

पंधरा मिनिटांतली दहा मी बोलले. किती कचरा खड्ड्यात जायचा थांबला, पाट्या कशा बदलल्या, मुकादमबाईंच्या माणसांनी काय काय केलं. गणिताच्या प्रमुखांनी विचारलं, "खताच्या दर्जाचं काय?" माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी उपप्राचार्य म्हणाले, "मॅडम स्वतः हाताने चाळतात, सर. आणि बाहेरच्या एका रोपवाटिकेत ते वापरलंही गेलंय." सगळे हसले, कुणीतरी टेबल वाजवलं. ठराव मंजूर. उत्तर गॅलरीमागची जागा कायमची खतासाठी.

"वापरलं गेलंय" एवढंच ते म्हणाले. "यशस्वीपणे" म्हणाले नाहीत. मी ते नीट ऐकलं.

चहा छान होता. कप धुऊन वापरायचे होते, चिनीमातीचे. माझा कप भरलेलाच राहिला.

२८ मार्च

सकाळी ताईचा फोन. "पाणी एकदम शुद्ध आहे म्हणतात. आता काय तपासू? माझं डोकं?"

अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. ती परसात उलट्या बादलीवर बसली होती. ट्रे तसेच. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गवत, औषध, घेवड्याच्या कुंड्या. बोलताना मला जाणवलं की मी अहवाल वाचल्यासारखी बोलतेय, आणि तरी थांबता येईना.

तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडेल. ताई ओरडली की बरं असतं, वळवाच्या पावसासारखं, दहा मिनिटांत मोकळं.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मी तीन आठवडे रोज रात्री विचार करतेय, वय झालं, हातातलं कसब गेलं, आता हे बंद करावं."

मी जवळच्या ट्रेमधलं एक वळलेलं पान बोटांनी सरळ करत राहिले.

"तुला कधी कळलं?"

"खात्री तीन दिवसांपूर्वी झाली."

"खात्री विचारत नाहीये मी. कळलं कधी?"

"...तू वाऱ्याचं म्हणालीस तेव्हा."

"आणि पाणी?"

"मला वाटलं, सगळ्याच शक्यता तपासाव्यात."

"त्या दिवशी नुसतं म्हणाली असतीस, ताई, माझ्या पोत्यांना हात लावू नकोस, मला शंका आहे. एवढंच. मी धावत जाऊन त्या भांडकुदळाकडून माती आणली असती आणि त्याच दिवशी पेरलं असतं."

मी म्हटलं, मला चुकीचं काही सांगायचं नव्हतं.

ती बादलीवरून उठली. "तुमच्या समितीत कुणाला दिलंस का हे खत?"

"नाही."

"का?"

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे त्यांच्या कुंड्यांसाठी तुला खात्री लागली नाही," ताई म्हणाली, आणि आत जाऊन तिने कडी लावली नाही, पण दार लोटून घेतलं.

मी हे तसंच्या तसं उतरवलं आहे. माझ्या बाजूने काही लिहायचं होतं म्हणून अर्धं पान मोकळं ठेवलं होतं. आता तिथे काय लिहावं सुचत नाही.

२९ मार्च

उपप्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"मॅडम, ठराव झालाय. खत बाहेर देऊ नका, मैदानावर पसरा. गवताला त्याने काही होत नाही असं तुम्हीच म्हणता ना? विषय संपला."

"अहवालात रोपवाटिकेचं वाक्य आहे. ते खोटं आहे."

"खोटं कसं? वापरलं गेलंय."

तेच शब्द, आणि परवा ते ऐकून मला हायसं वाटलं होतं.

"काढून टाका ते. आणि काय झालं ते लिहा."

"मग समिती पुन्हा बसेल. गणितवाले टपून बसलेत, त्यांच्या हातात काठी कशाला देता? चांगलं काम आहे तुमचं. एवढं कशाला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. माझ्याशी ते जे बोलत होते, तेच मी दोन आठवडे स्वतःशी बोलत होते, फक्त त्यांची भाषा जास्त सरळ आहे.

म्हटलं, बसू दे समिती.

ते म्हणाले, तोवर ढिगाकडे जाणारं मागचं फाटक बंद ठेवावं लागेल. म्हटलं, ठेवा.

गवतकाकांकडे गेले तर ते आधीच फुगून बसलेले. बातमी माझ्यापेक्षा वेगाने चालते. "म्हणजे माझं गवत विषारी?"

"तसं नाही काका."

"तुम्ही मागितलंत. मी फवारल्याचं तोंडाने सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. मी ऐकलं नाही."

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. भांडायला काही उरलं नाही म्हणून ते आणखीच चिडले आणि यंत्र सुरू करून निघून गेले. पलीकडच्या गोलपर्यंत त्यांची पाठ रागात दिसत होती.

३० मार्च

फाटकाला कुलूप लागलं. कालच्या सामन्याचा कचरा एकाच गाडीत भरून खड्ड्याकडे गेला. हिरवा, निळा, काळा, सगळं एकत्र. मुकादमबाई म्हणाल्या, "आज लवकर सुटलो हो, मॅडम." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "होईल पुन्हा सुरू." त्यांना तसं वाटत असेल असं नाही.

समिती आता एप्रिलअखेर बसेल. जागा जाईल बहुतेक. गणिताच्या प्रमुखांनी जिन्यात भेटून मला सांगितलं की माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक वाटतं. असं कौतुक गालफडात बसल्यासारखं लागतं.

ताईला दोनदा फोन केला. उचलला नाही. तिसऱ्यांदा भाचीने उचलला आणि म्हणाली, "मावशी, आई ट्रे रिकामे करतेय. एकटीच करतेय. मी हात लावायला गेले तर ओरडली."

ओरडली, म्हणजे बरं आहे, असं मला क्षणभर वाटलं. मग कळलं की ती माझ्यावर नाही ओरडली.

दुपारी तिला पत्र लिहायला घेतलं. पहिलाच परिच्छेद औषध उष्णतेत का टिकतं यावर झाला. फाडलं. माफी कशी मागावी याचा विचार करत बसले, नेमके शब्द, नेमका क्रम, तिला काय म्हणता येईल आणि त्यावर मी काय म्हणेन. असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. नवरा येऊन म्हणाला, "आता ही कसली चाचणी चाललीय?"

मी त्याच्यावर चिडले. तो दिवा लावून गेला.

तिने बोलावलेलं नाही. गेले तर दार उघडेल की नाही, माहीत नाही. याची खात्री करून घ्यायचा काही मार्ग नाही.

उद्या: पहिल्या बसने ताईकडे. ट्रे रिकामे करायचे.